बाहुलीचे मूळ विचारावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. बाहुलीचे मात्र जरूर विचारावे. बाहुल्या जमवण्याचा छंद असलेल्या घरांत काचेच्या कपाटातली मांडणी बहुधा ठरलेली असते. ही काश्मीरची, ही पंजाबची, ही नऊवारीतली, ती किमोनोवाली. बाहुली वेशावरून ओळखायची आणि प्रांतावरून लावायची, अशी ही रीत. तिच्यात खोटे काही नाही, पण ती बाहुलीबद्दल फारच थोडे सांगते. कापड सर्वांत शेवटी चढते. बाहुलीचे हात धडापासून मोकळे का आहेत किंवा तिला हातच का नाहीत, ती गोल का, हातात घेतल्यावर इतकी हलकी का लागते, तिच्या अंगावर आतून आल्यासारखी चकाकी आहे की वरून दिलेला रंग, या गोष्टी त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेल्या असतात. त्या ठरवते जवळच्या रानात मिळणारे लाकूड किंवा नदीकाठची माती. सावंतवाडी, चन्नपट्टण, तंजावर, कोंडापल्ली, एटिकोप्पाका आणि निर्मल अशी दक्षिणेतल्या बाहुल्यांच्या गावांची फेरी केली की हे डोळ्यांना दिसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की बाहुल्यांचा संग्रह झाडांवरून लावावा आणि त्यासाठी बाहुली जिथे होते त्या गावापर्यंत स्वतः जावे.

वेशावरून लावलेल्या संग्रहाचा आपल्या देशातला सर्वांत मोठा नमुना दिल्लीत आहे. बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाऊसमध्ये व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी उभे केलेले आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय ३० नोव्हेंबर १९६५ रोजी सुरू झाले. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेतले बक्षीस म्हणून दिलेल्या एका बाहुलीपासून शंकर यांना हा नाद लागला, आणि आज तिथे ऐंशीहून अधिक देशांच्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत. संग्रहालय पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. पण त्याच्या स्वतःच्या कार्यशाळेत भारतीय वेशभूषेच्या बाहुल्या तयार होतात आणि परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात बाहेर जातात, ही गोष्ट लक्षात घ्यावी. वधू बंगालची असो की राजस्थानची, तिची बांधणी एकाच कार्यशाळेची, एकाच पद्धतीची. अशी बाहुली पोशाखाचा उत्तम नमुना असते. दागिने, निऱ्या, पदर कसा घ्यायचा, सगळे तिच्यावर शिकता येते. ज्या प्रांताच्या नावाची पाटी तिच्यासमोर लावलेली असते, त्या प्रांताच्या हाताबद्दल आणि हत्याराबद्दल मात्र ती काहीच बोलत नाही.

मराठी माणसाने फेरी सावंतवाडीपासून सुरू करावी. कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड स्थानक आहे, गोव्याहून येणे सोपे आहे, आणि मोती तलावाच्या आसपासच्या गावठाणात चितारआळी सापडते. इथली प्रसिद्ध वस्तू बाहुली नाही, फळे आहेत. आंबा, केळे, सीताफळ, डाळिंब, वांगे, मिरची असा लाकडी बाजार दुकानांत मांडलेला असतो, शेजारी भातुकलीची भांडी, बैलगाड्या, पाट आणि देव्हारे. खेळण्यांसाठी जुने लाकूड पांगाऱ्याचे. कोकणात मिरवेलीला आधार म्हणून लावतात तो हा लाल फुलांचा काटेरी पांगारा. त्याचे लाकूड पांढुरके, हलके आणि इतके मऊ की पटाशी सहज चालते, पण बारीक धार किंवा नाजूक कोर त्यात टिकत नाही. मग कारागिराने काय करावे? आकार ढोबळ ठेवावा आणि बाकी सारे कुंचल्यावर सोपवावे. सावंतवाडीचे फळ असेच घडले आहे. देठाजवळची हिरवट छटा, पिकल्याचा तांबूसपणा, सालीवरचे डाग, ही करामत पटाशीची नसून चिताऱ्याची. गोव्यातही चितारी मंडळी लाखेचे कातीव काम करतात, त्यामुळे हा हात सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीचा आहे.

इथला हात मुळात चित्रकाराचा, याला दुसरा पुरावा राजवाड्यात मिळतो. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी डावात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. चिंचोक्याची खळ, खडूचा थर, घोटाई, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात, ही सगळी चितारी कुटुंबांची विद्या. ती जवळजवळ संपत आली असताना शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशिलादेवी यांनी वाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. वाड्यात आजही हे काम चालताना पाहता येते. लाकडी फळ आणि गंजिफाचा पत्ता शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हीकडे रेघेची तीच सवय दिसते. इथपर्यंत आलेल्याने कुडाळजवळच्या पिंगुळीलाही जावे. तिथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या जपल्या आहेत. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोरीवर नाचायची बाहुली ही वेगळी जात आहे, तिचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. पण दिवसभर हातांवर तोलून धरायची वस्तू हलकीच हवी, म्हणजे तिथेही सुरुवात वजनापासूनच होते.

घाट उतरून कोकणात आलेला प्रवासी परत वर चढून कर्नाटकात गेला, की लाकूड बदलते आणि बाहुलीही बदलते. चन्नपट्टण बेंगळुरूहून म्हैसूरला जाताना सुमारे ६० किलोमीटरवर लागते. इथले झाड कानडीत आले मर, आणि आपल्याकडे तोच काळा कुडा. नाव काळा असले तरी लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे, घट्ट आणि बारीक पोताचे असते. ते सुकवून कापतात आणि लेथवर चढवतात. तुकडा गरगर फिरत असताना पटाशी टेकवून आकार काढला जातो, आणि मग येते या कामातली खरी गंमत. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. त्यावर केवड्याचे सुकलेले पान दाबून फिरवले, की तिला तुकतुकी येते. कुंचला नाही, डबा नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. रंग लावला आणि वस्तू तयार झाली.

ही क्रिया एकदा समोर पाहिली, की चन्नपट्टणच्या बाहुलीला हात का नसतात हे कुणी सांगावे लागत नाही. लाख अशा रीतीने फक्त फिरणाऱ्या पृष्ठभागावरच चढते. जे फिरते ते गोल, निमुळते किंवा कडीसारखे असणार. म्हणून इथे राजा-राणी म्हणजे दोन सुबक खुंट्या, आगगाडी म्हणजे चकत्या आणि नळकांडी, घोडा म्हणजे गोळ्यांची जोडणी. टोक नाही, कंगोरा नाही, म्हणून तान्ह्या मुलाने तोंडात घातले तरी टोचण्याची भीती कमी. आजच्या आईबापांना आवडणारे हे साधेपण सौंदर्यदृष्टीतून आले असे वाटते, पण ते आले लेथच्या अक्षातून. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून हा उद्योग सुरू केला, अशी इथली परंपरा सांगते. विसाव्या शतकात बावस मियाँ यांनी जपानी तंत्राचा अभ्यास करून त्यात सुधारणा केल्या, असेही सांगतात.

जपानचा उल्लेख आला आहे तर तिकडचा दाखला घ्यायला हरकत नाही, कारण तो याच मुद्द्याला बळ देतो. जपानच्या ईशान्येला तोहोकु प्रदेशात उष्ण झऱ्यांची गावे आहेत. तिथले कातारी वाडगे आणि ताटल्या करता करता झऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी कोकेशी नावाची बाहुली करू लागले. मिझुकी या फिकट लाकडाची ही बाहुली लेथवर होते, आणि तिलाही हातपाय नाहीत. नारुको गावच्या कोकेशीचे डोके फिरवले की ती किंचाळल्यासारखी वाजते, कारण डोके धडात घट्ट बसवताना तेही लेथवर फिरवूनच बसवलेले असते. चन्नपट्टण आणि नारुको यांच्यामध्ये समुद्र आहे, धर्म वेगळे, पोशाख वेगळे. वेशावरून लावलेल्या कपाटात या दोघी कधीच शेजारी येणार नाहीत. लाकूड आणि हत्यार यांवरून लावलेल्या कपाटात त्या सख्ख्या बहिणी ठरतात.

आता कुणी म्हणेल, तंजावरच्या बाहुलीत लाकूडच नाही, मग झाडांवरून मांडणी कशी करणार? आक्षेप रास्त आहे, आणि तो घ्यायला तंजावरलाच जावे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे नजर जाईल तिथे भातखाचरे. मऊ लाकूड देणारे डोंगर आसपास नाहीत, चिकण माती मात्र हवी तितकी. म्हणून इथली डोलणारी बाहुली मातीची, आणि नंतर कागदाच्या लगद्याची झाली. साच्यात दोन अर्धुके करायची, जोडायची, घासायची, रंगवायची. डोलणाऱ्या राजा-राणीचा तळ अर्धगोल आणि जड असतो, वरचा भाग पोकळ आणि हलका. भार तळाशी असल्याने बाहुली कितीही आडवी केली तरी परत उभी राहते. नाचणारीची रचना आणखी चतुर आहे. घागरा, धड आणि डोके वेगवेगळे करून एकमेकांवर नुसते तोललेले असतात, त्यामुळे वाऱ्याच्या झुळकीनेही ती मान डोलावते आणि कंबर हलवते. पोकळ आणि जड यांचा हा खेळ अखंड लाकडात जमणे कठीण. साच्यातल्या मातीला आणि लगद्याला तो सहज जमतो. तेव्हा माझ्या म्हणण्यात एवढी दुरुस्ती करावी लागेल, की जिथे झाड नाही तिथे मातीचा कप्पा करावा. मूळ मुद्दा त्याने पक्काच होतो, कारण झाड नसणे हीही त्या भूमीचीच गोष्ट आहे.

मराठी वाचकाला तंजावरला जायला आणखी एक कारण आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख कोरलेला आहे, आणि सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत. बाहुल्यांना याच राजवटीत बहर आला असे तिकडे सांगतात. शिलालेख पाहायला जाणारे मराठी पर्यटक देवळाबाहेर त्या डोलणाऱ्या बाहुल्या घेतातच. पण साचे आणि लगदा पाहायला कारागिराच्या घरापर्यंत फार थोडे जातात.

या फेरीतला सर्वांत श्रीमंत मुक्काम कोंडापल्ली. विजयवाड्यापासून सुमारे २० किलोमीटर, काझीपेटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर स्थानकही आहे, वर किल्ला आणि भोवती डोंगर. या डोंगरांत पोनिकी नावाचे झाड मिळते. हे लाकूड इतके हलके आणि मऊ, की हातातला ठोकळा पोकळ असावा असा भास होतो. पांगाऱ्यापेक्षा ते कोरायला अधिक सोयीचे, पण एका अखंड तुकड्यातून पसरलेला हात काढला तर तो तुटायचा. कोंडापल्लीच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे जोडणी. ठोकळे आधी वाळवून, शेकून त्यांतला ओलावा काढतात. मग धड वेगळे, हात वेगळे, डोके वेगळे, हातातला कोयता वेगळा असे कोरतात आणि चिंचोक्याच्या पिठात लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या लगद्याने चिकटवतात. सांधे त्याच लगद्याने लिंपतात, घासतात, चुन्याचा हात देतात आणि त्यावर रंग. जोड कुठे आहे ते रंगानंतर शोधूनही सापडत नाही.

जोडणीची युक्ती साधल्यावर कोंडापल्लीला काय करता येत नाही हा प्रश्नच उरला नाही. ताडावर चढलेला ताडी काढणारा, अंबारीचा हत्ती, दळणारी, कांडणारी, धार काढणारी, दशावतार, लग्नाची अख्खी वरात. चन्नपट्टणची बाहुली एकटी उभी असते, कोंडापल्लीची कायम कामात असते आणि सहसा कुणाच्या तरी सोबत. एका गावाचा कल भूमितीकडे आणि दुसऱ्याचा गोष्टीकडे झुकला, याचे कारण शोधायला कारागिरांच्या स्वभावात शिरावे लागत नाही. एकीकडे घट्ट लाकूड आणि लेथ, दुसरीकडे मऊ लाकूड आणि पटाशी, एवढे पुरते. कोंडापल्लीचे कारागीर आर्यक्षत्रिय म्हणवतात आणि आपले पूर्वज राजस्थानातून आले असे सांगतात. ते खरे असेल, तर राजस्थानी हाताने पोनिकी मिळाल्यावर आपली रीत बदलली असे म्हणावे लागेल.

इथे एक जड आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. लाकूडच सगळे ठरवत असेल, तर एकाच लाकडाची दोन गावे सारखी बाहुली का करत नाहीत? पोनिकी तेलंगणातल्या निर्मलमध्येही वापरतात. आपल्या नांदेडच्या सीमेला लागून असलेला हा भाग. बासरच्या सरस्वतीला जाणाऱ्या मराठी भाविकांना वाट वाकडी करून पाहता येईल असा. निर्मलची खेळणी पशुपक्षी, फळे आणि भाज्या यांच्याकडे वळलेली आहेत, आणि त्यांच्यामागे नक्काश चित्रकारांची परंपरा आहे. म्हणजे लाकूड कोंडापल्लीचे, पण विषय आणि रंगकामाची ओढ सावंतवाडीच्या जवळची. यावरून मी एवढेच मान्य करीन, की लाकूड बाहुलीची बांधणी ठरवते, विषय मात्र करणाऱ्यांच्या परंपरेने ठरतो. आणखीही एक गोष्ट मान्य करायला हवी. काळा कुडा महाराष्ट्राच्या रानातही उगवतो, पण त्यामुळे आपल्याकडे चन्नपट्टण उभे राहिले नाही. झाडाबरोबर कातारी लागतो, लाख लागते आणि गिऱ्हाईक लागते. लाख तर चन्नपट्टणलाही झारखंड-छत्तीसगडकडच्या रानांतून आणावी लागते. झाड असले म्हणजे बाहुली होतेच असे नाही. पण ती झाली तर कोणत्या अंगाने होईल, हे झाडावरून बरेचसे सांगता येते.

याची उलटतपासणी एटिकोप्पाकात होते. विशाखापट्टणच्या दक्षिणेला, वराह नदीच्या काठी हे गाव आहे. चन्नपट्टणपासून दूर, भाषा तेलुगू, राजेरजवाडे वेगळे. पण लाकूड तेच. तेलुगूत त्याला अंकुडू म्हणतात. आणि खेळणी पाहावीत तर तीच गोलाई, तीच लाखेची तुकतुकी, तीच बिनहातांची माणसे. फांद्या छाटल्या तरी हे झाड पुन्हा फुटते, त्यामुळे पोनिकीइतकी टंचाई त्याची होत नाही. एटिकोप्पाकाचे वेगळेपण रंगांत आहे. रासायनिक रंगांमुळे लाखेची खेळणी मुलांच्या तोंडात देणे धोक्याचे ठरू लागले, तेव्हा सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, शेंद्रीच्या बिया अशा वनस्पतीजन्य रंगांकडे कारागिरांना परत वळवले. या कामासाठी २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आंध्र प्रदेशाचा चित्ररथ याच बाहुल्यांचा होता.

संग्राहकांवरचा जुना आरोप असा, की ते मुलांचे खेळणे काचेत कोंडतात. ऐकायला हा आरोप फार भावतो, पण दक्षिणेतल्या बाहुल्यांचा इतिहास त्याच्या बाजूने नाही. कोंडापल्लीच्या बाहुल्यांची मोठी मागणी दसरा-संक्रांतीच्या बोम्मल कोलुवूची, तंजावरच्या बाहुल्यांची नवरात्रातल्या गोलूची. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, दरवर्षी निदान एक नवी घ्यायची, आणि जुन्या सुनेकडून नव्या सुनेकडे द्यायच्या, हा प्रौढ बायकांचा रिवाज आहे. लग्नात मुलीला रक्तचंदनाची मरपाची जोडी देतात, तीही गोलूत बसते. आपल्याकडे चैत्रगौरीपुढच्या आराशीत बाहुल्या आणि खेळणी मांडली जातात, रुखवतात हातची कलाकुसर मांडली जाते. मांडणे, पाहुण्यांना दाखवणे आणि भर घालत जाणे हा बाहुलीचा उपयोग पूर्वापार आहे. तो पाश्चात्त्य छंदाबरोबर आलेला नाही. कोकेशीची हकीकत तर याहून बोलकी आहे. पत्र्याची आणि सेल्युलॉइडची खेळणी आल्यावर जपानी मुलांनी कोकेशी टाकून दिली. तिला वाचवले ते मोठ्या माणसांनी. अमाए तोमिया यांचे तिच्यावरचे पुस्तक १९२८ साली निघाले, आणि कोणत्या गावची, कोणत्या घराण्याची हे पाहून जमवणारे रसिक तयार झाले. मुलांनी सोडलेली बाहुली संग्राहकांनी मूळ गाव विचारून विकत घेतली, म्हणून कातारी टिकले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लेपाक्षी, कावेरी, पूम्पुहार ही सरकारी दुकाने आहेत, शहरोशहरी प्रदर्शने भरतात, घरबसल्या मागवताही येते. मग एवढी यातायात कशाला? बाहुली मिळवणे एवढाच हेतू असेल, तर खरेच गरज नाही. पण दुकानात मिळते ती पुरी झालेली बाहुली, आणि तिच्यावर चढलेल्या रंगाने सगळे झाकलेले असते. जोडणीची जागा, लगदा, चुन्याचा थर, लाखेखालचे पांढरे लाकूड, यातले काही दिसत नाही. गावात गेल्याने मिळते ती अर्धवट बाहुली. माझ्या मते कोणत्याही संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू तीच. कारागिराला विनंती करून ठोकळा, कोरलेले तुकडे, जोडलेले अंग, चुना दिलेले आणि रंगवलेले अशा पायऱ्यांचा संच पूर्ण दराने करून घ्यावा. दहा सुबक बाहुल्यांपेक्षा असा एक संच जास्त शिकवतो.

भौगोलिक मानांकनाचा शिक्का असला की अस्सलपणाची हमी मिळाली, असे बरेच जण धरून चालतात. चन्नपट्टण, कोंडापल्ली, निर्मल, तंजावर, एटिकोप्पाका या सगळ्यांना हे मानांकन आहे आणि ते उपयोगीही आहे. २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली, तेव्हा मानांकित आणि नोंदणीकृत कारागिरांच्या मालाला सूट मिळाली. त्याआधी २०२० साली खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेल्याने चिनी मालाशी झुंज थोडी सोपी झाली. पण मानांकन नावाचे रक्षण करते. समोरची वस्तू कुणी केली, लाख खरी की वरून मारलेला एनॅमल, हे ते सांगत नाही. ते ओळखायला डोळा लागतो. लाखेचा थर लाकडात मुरल्यासारखा दिसतो, कडेला त्याचा ओघळ नसतो आणि लेथच्या बारीक वर्तुळरेषा त्याखाली जाणवतात. कुंचल्याच्या रंगाला केसांचे फराटे असतात. गावात तासभर बसलेल्याला हा फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

पर्यटकांमुळे कला बिघडते, हा आक्षेप मला निम्माच पटतो. पेनस्टँड, चाव्यांच्या साखळ्या आणि फ्रिजवर चिकटवायची चित्रे सगळ्याच गावांत दिसतात, आणि त्यांतली काही कंटाळवाणी असतात. पण चन्नपट्टणने कड्या, मणी, मोजायला शिकवणारी खेळणी करायला घेतली, तेव्हा लेथचा आणि लाखेचा धर्म सोडला नाही, म्हणून ती वस्तू खरी वाटते. बिघाड तिथे होतो जिथे गिऱ्हाइकाच्या हट्टापायी मऊ लाकडावर न पेलणारा बारकावा लादला जातो किंवा लाकडाच्या जागी दाबलेल्या भुशाचा पत्रा येतो. नवा विषय मागावा, नवी बांधणी मागू नये, एवढे पथ्य प्रवाशाने पाळले तरी पुष्कळ.

जमवलेले टिकवायचे तेही लाकूड ओळखूनच. पोनिकी आणि पांगारा मऊ असल्याने कीड लवकर लागते. कपाटाच्या तळाशी बारीक भुगा दिसला, तर ती बाहुली तातडीने बाकीच्यांपासून वेगळी करावी. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे कडक गोठवणे हा संग्रहालयांतला उपाय लाकडी नमुन्यांना चालतो. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटने विरघळते, म्हणून लाखेची वस्तू खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि सॅनिटायझरने पुसू नये. एटिकोप्पाकाचे वनस्पतीजन्य रंग उजेडाने फिकटतात. कोंडापल्लीच्या बाहुलीला पाणी लावू नये, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. तंजावरची लगद्याची बाहुली ओल धरते, तेव्हा कोकणातल्या पावसाळ्यात तिला बंद डब्यात ठेवलेले बरे.

जायचे तर नवरात्राच्या आधीचे आठवडे पाहण्यासाठी उत्तम, कारण तेव्हा गोलूच्या मागणीमुळे कारखाने भरात असतात. मात्र स्वतःची मागणी त्या काळात घालू नये. ती संक्रांतीनंतर घालावी आणि सावकाश करू द्यावी. पोनिकीची झाडे डोंगरांत विरळ होत चालली आहेत, त्यामुळे कोंडापल्लीत घासाघीस करण्याआधी लाकडाचा भाव विचारून घ्यावा. आणि कुठल्याही गावात बाहुली बांधून द्यायच्या आधी तिच्या तळावर करणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि झाडाचे नाव त्याच्याच हाताने लिहून घ्यावे.